जवस, कापूस आणि छापाचं चित्र

वऱ्हाडात कुणाला 'प्रेस कुठं आहे हो?' असं विचारलं, की समोरचा माणूस उलट आपल्यालाच विचारतो, "कोनता प्रेस पायजे तुमाले? रुईचा का कागदाचा?" आमच्या मुंबईकडे प्रेस म्हणजे छापखाना, नाही तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. इथं मात्र पहिला मान कापसाचा. सरकी काढलेली रुई दाबून जिथं तिच्या गाठी बांधतात तो प्रेस. 'जीन' आणि 'प्रेस' हे शब्द इथल्या लहान पोरांनासुद्धा ठाऊक असतात. छापखान्याची ओळख त्यांना पुष्कळ पुढे होते.

गेल्या संक्रांतीनंतर आठ-दहा दिवस अकोला आणि अमरावती असा फेरफटका झाला. निमित्त घरगुतीच होतं. अकोल्याला आमचे चुलत दीर असतात आणि अमरावतीला माझी नणंद. पण माझ्या मनात आणखी एक काम होतं. नणंदेची मुलगी, आमची भाची, चित्रकार आहे. पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि लाकडावर, लिनोलियमवर कोरून छापाची चित्रं करते. नोकरी नाही, दुकान नाही. पुण्यात चार-पाच वर्षं एका कंपनीत काम केलं, ते सोडून अमरावतीला परत आली आणि घराच्या माडीवर स्वतःचं काम मांडून बसली. तिच्या आईचं मला दर महिन्याला फोनवर सांगणं असे, "वहिनी, तुम्ही तरी या आणि बघा ती काय करते ते. मला तर काही उमगत नाही." तेव्हा म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघून यावंच.

रुईच्या गाठी आणि थानावरची चित्रं

विदर्भ एक्सप्रेसनं अकोल्याला उतरलो. जानेवारीतलं अकोलं प्रेमळ वाटतं. मे महिन्यात हेच गाव ४५ अंशांच्या पुढे जातं, तेव्हा इथं येण्याची हिंमत पाहुण्यांनी करू नये! सकाळी मोर्णेकाठचा असदगड पाहिला, राजराजेश्वराचं दर्शन घेतलं. श्रावणात गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी कावडींतून आणून या राजेश्वराला घालतात. शेवटच्या सोमवारी सगळं शहर रस्त्यावर असतं म्हणतात.

दुपारी दीर आम्हांला एका जिनिंगमध्ये घेऊन गेले. पांढऱ्या डोंगराएवढा कापूस, हवेत उडणारे तंतू, आणि यंत्रांचा असा आवाज की शेजारच्याशी खुणांनी बोलावं लागतं. शंभर किलो कापसातून साधारण ३३-३४ किलो रुई निघते, बाकी बरीचशी सरकी. रुई दाबून तिची १७० किलोची गाठ बांधतात. पत्र्यात आकडे-अक्षरं कापून ती पट्टी गाठीवर धरायची आणि वरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा, की खूण उमटली, ही गाठीला नंबर देण्याची जुनी रीत. मला मोठी मौज वाटली. आपण रांगोळीचे पत्र्याचे ठसे वापरतो तेच हे! आणि पुढे अमरावतीला गेल्यावर कळलं, की छापाच्या चित्राचा एक सगळ्यांत सोपा प्रकार हाच.

या कापसाची आणि चित्रांची गाठ फार जुनी आहे. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि सगळ्यांची नजर इथल्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून थेट नागपूरला पोचलीसुद्धा. रुई गाठी बांधून गेली आणि कापडाची थानं होऊन परत आली. त्या थानांवर विलायती छपाईची रंगीत लेबलं चिकटवलेली असत. कुठं देवी, कुठं कृष्ण, कुठं हत्ती-वाघ. गिऱ्हाईकाला अक्षर वाचता येवो न येवो, चित्र बघून 'तेच कापड द्या' म्हणता यावं, ही व्यापाऱ्याची युक्ती. कापड विरून जाई, पण बायका ते चित्र मात्र जपून ठेवत. आमच्या जावेच्या आजेसासूच्या पत्र्याच्या पेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूला, असं एक लेबल मी पाहिलं. रंग अजून शाबूत आहे. गरिबाच्या घरात भिंतीवर तसबीर येण्याआधी चित्र आलं ते असं, कापडाच्या पाठीवर बसून.

अमरावतीच्या वाटेवर

अकोल्याहून अमरावती शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. रस्ता आता सुरेख झाला आहे. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग करून गिनीज बुकात नाव नोंदवलं, हे आमच्या ड्रायव्हरनं दोनदा सांगितलं. वाटेत मूर्तिजापूर लागतं. यवतमाळ ते अचलपूर धावणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' ती इथलीच. कापूस वाहण्यासाठी विलायती कंपनीनं घातलेली ही लाइन. आता गाडी बंद आहे, पण तिच्या आठवणी काढल्याशिवाय इथलं कुणी माणूस गप्पा संपवत नाही.

अमरावतीला पोचताच अंबादेवी आणि एकवीरा. मग नणंदेच्या हातचा पाटवडी-रस्सा, जवसाची चटणी आणि भाकरी. दुसऱ्या दिवशी जुन्या गावात फिरलो. गावाभोवतीचा परकोट अजून बऱ्याच ठिकाणी उभा आहे. पाच वेशी आणि चार खिडक्या. या खिडक्या म्हणजे घराच्या नव्हेत हो, कोटातून ये-जा करायची लहान दारं. जवाहर गेटाच्या आतबाहेर बाजार भरलेला असतो. बांगड्या, भांडी, पूजेचं सामान, आणि लग्नपत्रिकांची दुकानं. संध्याकाळी गिला वडा खाल्ल्याशिवाय अमरावती झाली असं म्हणता येत नाही, तेव्हा तोही खाल्ला.

पत्रिकांच्या एका दुकानात थोडी थांबले. पूर्वी इथं छापखान्यात खिळे जुळवून पत्रिका छापत. त्यानंतर स्क्रीनची छपाई आली. लाकडी चौकटीवर जाळीचं कापड ताणायचं, हवी ती अक्षरं सोडून बाकीची भोकं बुजवायची, आणि रबराच्या पट्टीनं शाई ओढायची. दुकानदार वयस्क गृहस्थ होते. म्हणाले, "आता कोरी पत्रिका शिवकाशीहून तयार येते, बाई. आमी फक्त नावं टाकतो. आणि आता तर पोट्टे मोबाईलवरच पत्रिका धाडून रायले." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण मागच्या भिंतीशी टेकवून ठेवलेल्या जुन्या चौकटी त्यांनी अजून मोडीत काढल्या नव्हत्या. त्यांतल्या दोन चौकटी आमच्या भाचीनं विकत घेतल्या, हे मागाहून कळलं.

माडीवरचा छापखाना

भाचीची खोली माडीवर आहे. एका भिंतीला फळ्यांवर कागद, दुसऱ्या भिंतीला दोऱ्या बांधून त्यांवर चिमट्यांनी अडकवलेली ओली चित्रं, अगदी आपण पापड-कुरडया वाळत घालतो तशी. मध्ये दोन लोखंडी रुळांचं हातानं फिरवायचं यंत्र. शेतीची अवजारं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडून तिनं ते करवून घेतलं. "मिस्त्रीकाका आधी म्हणाले, हे उसाचं चरख आहे का वो ताई?" ती हसून सांगत होती. ते यंत्र येईपर्यंत दोन वर्षं तिनं आईच्या स्वैपाकघरातल्या डावाच्या पाठीनं कागद घासघासून चित्रं उठवली. डाव परत मिळाला नाही, ही नणंदेची तक्रार अजून आहे.

काम कसं चालतं ते मी शेजारी बसून पाहिलं. तुमच्यासाठी सांगते. लिनोलियमचा तुकडा घ्यायचा. त्यावर चित्र काढायचं, पण उलटं, आरशात दिसतं तसं. जे पांढरं राहायला हवं ते धारदार पन्हळीनं कोरून काढायचं. जे उरलं त्यावर रुळानं शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि दाबायचा. कागद उचलला की चित्र सुलटं. दोन रंग हवे असले तर एक तर दोन तुकडे कोरायचे, नाही तर पहिला रंग सगळ्या कागदांवर छापून झाल्यावर तोच तुकडा आणखी कोरायचा आणि वर दुसरा रंग द्यायचा. या दुसऱ्या रीतीत गंमत अशी, की पहिला रंग पुन्हा छापता येत नाही; तो भाग कोरून गेलेला असतो. म्हणजे चित्राच्या किती प्रती हव्यात हे आधीच ठरवावं लागतं. पंचवीस ठरवल्या की पंचवीसच. खराब होतील म्हणून आठ-दहा कागद जास्त घ्यायचे, बस्स.

यात ऋतूंचं भान स्वैपाकाइतकंच ठेवावं लागतं. थंडीत लिनोलियम कडक होतं, कोरताना हत्यार निसटतं. म्हणून ती तुकडा आधी उन्हात ठेवते. पावसाळ्यात शाई चार-चार दिवस वाळत नाही. उन्हाळ्यात वऱ्हाडातलं माणूस कूलरशिवाय बसूच शकत नाही, पण कूलरच्या ओल्या हवेनं कागद सैल पडतो आणि दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही. म्हणून छपाईच्या दिवशी कूलर बंद! मे महिन्यात ती पहाटे चारला उठून छापते आणि नऊला काम आवरते. डाव्या हाताच्या अंगठ्याजवळ जुन्या जखमांचे वण आहेत. "मामी, कोरताना दुसरा हात नेहमी हत्याराच्या मागे ठेवायचा, पुढे नाही. हे मी शिकले, पण उशिरा."

शाईचा डबा उघडला तेव्हा एक ओळखीचा वास आला. कसला ते आठवेना. ती म्हणाली, "मामी, काल जेवलात ते." जवस! छपाईची तेलाची शाई म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेला रंग. आणि लिनोलियमसुद्धा जवसाच्या तेलाचंच. ते तेल घट्ट करून त्यात बुचाच्या लाकडाची भुकटी मिसळतात आणि तागाच्या कापडावर थापतात. छापाच्या चित्रांना चांगला कागद लागतो तो लाकडाच्या लगद्याचा नव्हे, कापसाच्या धाग्यांचा. म्हणजे बघा, जवस वऱ्हाडच्या रानातला, कापूस वऱ्हाडच्या रानातला. शाई, कागद आणि लिनोलियम मात्र कुरियरनं मुंबई-पुण्याहून, काही तर परदेशातून मागवायचं! हातकागदाचे प्रयत्न आपल्याकडे झाले. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कामात वर्ध्याला कागद बनू लागला, पुण्यात १९४० पासून हातकागदाची संस्था आहे. तिथला कागद ती आवडीनं वापरते. पण एकंदरीत कच्चा माल बाहेर आणि पक्का माल आत, हा थानांच्या वेळचा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही.

छापाचं चित्र म्हणजे झेरॉक्स नव्हे

तिचं चित्र बघायला शेजारच्या काकू आल्या होत्या. खाली पेन्सिलीनं लिहिलेलं '७/२५' बघून त्यांनी विचारलं, "म्हणजे असे पंचवीस आहेत? मग झेरॉक्सच नं वं हे? त्याचे एवढे पैसे काहून?" भाचीला हा प्रश्न नवा नाही. ती शांतपणे सांगते, की या पंचवीसही चित्रांना शाई मी लावली, कागद मी उचलला, सही मी केली. पंचवीस झाल्यावर पुन्हा छापायचं नाही. पंचवीस घरांत ते जातं म्हणूनच एका घराला परवडतं. एकच असतं तर किंमत दहापट लागली असती.

मला वाटतं, आपल्या बायकांना तरी हे समजायला जड जाऊ नये. छापाचं चित्र आपल्या मराठी घरांत देवघरातूनच आलं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर. बव्हेरियाच्या खाणीतला गुळगुळीत दगड, त्यावर तेलकट खडूनं लिहायचं, दगड ओला करायचा आणि शाई फिरवायची. ओल्या जागी तेलाची शाई धरत नाही, खडूच्या रेघेवर धरते. ताकावर लोणी आणि पाणी वेगळं राहतं तसलाच प्रकार! पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या मित्रांनी चित्रशाळा काढली आणि देवादिकांची, पेशव्यांची रंगीत चित्रं घराघरांत पोचवली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यानं मुंबईत स्वतःचा प्रेस काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका चित्राला रंगागणिक वेगळा दगड लागे. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती त्यातूनच आली.

आणि जिवती? श्रावणात भिंतीवर लावतो तो जिवतीचा कागद म्हणजे छापाचं चित्रच की! वर नृसिंह, मग कालियावर नाचणारा कृष्ण, मध्ये मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि शेवटी हत्ती-वाघावरचे बुध-बृहस्पती. हा कागद कुणी काढला, त्यावर चित्रकाराचं नाव का नाही, असं आपण कधी विचारलं आहे का? मी तरी नव्हतं.

पहिल्या तारखेला काय येतं?

आता नणंदेची बाजूही सांगायला हवी. ती काही मुलीच्या विरुद्ध नाही. माडी तिनंच मोकळी करून दिली. पण रात्री अंथरुणं घालताना ती मला म्हणाली, "वहिनी, काम चांगलं आहे, मेहनतही आहे. पण पहिल्या तारखेला काय येतं? आज मी आहे, हे आहेत. उद्या?" या प्रश्नाला 'कलेची किंमत पैशात होत नाही' असलं उत्तर देऊन चालत नाही. किराणा पैशातच येतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी भाचीला तिची हिशेबाची वही दाखवायला सांगितली. वही व्यवस्थित आहे. तीन रकाने: झालेलं काम, आलेले पैसे, येणं. तिसरा रकाना सगळ्यांत लांब. कामं नाना तऱ्हेची. मुलांच्या पुस्तकांची चित्रं, दिवाळी अंकातल्या कथांची चित्रं, कुणाच्या दुकानाचं बोधचिन्ह, कुणाची हौसेनं करून घेतलेली पत्रिका. दिवाळी अंकाचं काम श्रावण-भाद्रपदात, रात्री जागून. पैसे कधी दिवाळीनंतर, कधी होळीनंतर, कधी नुसता अंक. एका प्रकाशकानं एका पुस्तकासाठी घेतलेली चित्रं तिला न विचारता कॅलेंडरवर वापरली. विचारलं तर उत्तर आलं, "पैसे दिले होते ना एकदा?" कागदावर काही लिहिलेलं नव्हतं, बोलणी फोनवरच झालेली.

यातून ती एक गोष्ट शिकली, ती चित्रं काढणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगण्यासारखी आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा चित्रकाराच्या बाजूचा आहे, पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून पैसे घेऊन केलेल्या चित्राबाबत, वेगळा करार नसेल, तर हक्क काम करून घेणाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून आता ती काम घेताना एका पानावर लिहून घेते: चित्र किती, कशासाठी, कुठं छापणार, फेरफार किती वेळा, पैसे केव्हा. निम्मे आगाऊ. "पहिल्यांदा लाज वाटली, मामी. वाटलं काम जाईल. एक-दोन गेलीही. पण जी राहिली ती भरवशाची." आणि सही करण्याआधी मूळ चित्र परत मिळणार का, हेही विचारून घेते.

नियमित येतात ते पैसे शिकवणीचे. शनिवार-रविवारी शाळेची मुलं येतात, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांची तयारी करतात. ती सांगते, की महिन्याचा कागद आणि वीजबिल मुलांच्या फीतून निघतं, बाकीचं चित्रांतून. पुण्यातल्या पगाराएवढं अजून होत नाही. पण गेल्या दोन वर्षांत आईकडे हात पसरावा लागला नाही, हे वहीत दिसतं. मी ते पान नणंदेला नेऊन दाखवलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि काही न बोलता वही मिटून ठेवली.

आणि या प्रश्नाचं उत्तर मोठमोठ्यांनीही आपापल्या परीनं शोधलेलं आहे. दीनानाथ दलालांनी (१९१६-१९७१) स्वतंत्र व्यवसाय केला आणि १९४५ मध्ये 'दीपावली' अंकच काढला. वसंत सरवट्यांनी (१९२७-२०१६) उलट केलं. सिमेंट कंपनीत इंजिनिअरची नोकरी सांभाळली आणि उरलेल्या वेळात इतकी चित्रं काढली, की पु. लं.ची पुस्तकं त्यांच्या चित्रांशिवाय डोळ्यांसमोर येत नाहीत. विदर्भातच पाहायचं तर नागपूरचे भाऊ समर्थ (१९२८-१९९१) चित्रांवर आणि लिखाणावर जगले. आणि बाईमाणसाचं उदाहरण हवं तर ललिता लाजमी (१९३२-२०२३). गुरुदत्तची बहीण म्हणून त्यांना पुष्कळजण ओळखतात. त्यांनी वर्षानुवर्षं शाळेत चित्रकला शिकवली, चाळिशीत जे. जे.च्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन धातूच्या पत्र्यावरची छपाई शिकल्या, आणि दिवसभराची नोकरी, घर-संसार आटोपून रात्री काम करीत राहिल्या. दिवस दुसऱ्यांचा आणि रात्र आपली, हे गणित आपल्याला नवं नाही.

मी भाचीला विचारलं, की हल्ली कॉम्प्युटरला सांगितलं तर मिनिटात चित्र होतं म्हणतात, मग तुझ्या या खटाटोपाचं काय? ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "खरं आहे. स्वस्तातली कामं कमी झालीच आहेत. दुकानाची पाटी, पत्रिकेवरचा गणपती, ही कामं पूर्वी यायची, आता येत नाहीत. पण मामी, हा कागद हातात धरून बघा." मी धरला. उन्हाकडे तिरपा केला तर दाबाची खोल रेघ बोटाला लागत होती. "हे मोबाईलमध्ये दिसत नाही. ज्याला हे हवं तो माणूस मला शोधायचाय. असे थोडेच असतील. मला थोडेच पुरतात." ही आशा आहे की हट्ट, मला सांगता येणार नाही. पण स्वतःला फसवून बोलत नव्हती, एवढं नक्की.

नणंदेची जिवती

निघायच्या आदल्या दिवशी नणंदेनंच आपण होऊन एक गोष्ट सांगितली. गेल्या श्रावणात भाचीनं नवी जिवती कोरली. देव तेच, क्रमही तोच. पण जरा-जिवंतिकेला लुगडं वऱ्हाडी, पाळण्याच्या दोऱ्या सुताच्या, मागे कपाशीचं बोंड, आणि मांडीवर-खांद्यावर खेळणाऱ्या पोरांत निम्म्या मुली. नणंद आधी बिचकली. देवाचं काही चुकलं तर? मग तिनं जिवतीची कहाणी आठवून एकेक चित्र ताडून पाहिलं आणि बाजारातला कागद न आणता तीच भिंतीला लावली. शुक्रवारी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी विचारलं, "कुठून आणली वो ही?" एकीनं तर म्हटलं, "घरचीच पोरगी आहे, एक मले बी द्या नं." तेव्हा नणंद म्हणाली, "देते नं. पन पैसे द्या लागतीन. तिची पंधरा दिवसांची मेहनत हाय." आपण असं बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं. त्या श्रावणात तिनं नऊ जिवत्या विकल्या आणि वहीच्या दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहून ठेवल्या.

जाणार असाल तर, आणि घेणार असाल तर

वऱ्हाडात जायचं तर दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत जावं. कापसाचा हंगाम असतो, संत्री असतात, आणि ऊन सोसतं. मुंबईहून अंबा एक्सप्रेस थेट अमरावतीला नेते. इतर गाड्यांनी बडनेऱ्याला उतरलं तरी गाव जवळच आहे. हातात दोन दिवस जास्त असले तर चिखलदरा करावं, येताना शेगावला गजानन महाराजांचं दर्शन घ्यावं.

हातानं छापलेलं चित्र घरी आणलं तर काही गोष्टी सांभाळा. चित्राला मागून गोंद किंवा चिकटपट्टी लावू नका. दोन्हींचे डाग काही वर्षांनी पुढे उमटतात. फ्रेम करताना चित्र काचेला टेकू देऊ नका, मध्ये जाड कागदाची चौकट घालायला सांगा, नाही तर पावसाळ्यात शाई काचेला चिकटते. समोरून ऊन येणाऱ्या भिंतीवर आणि स्वैपाकघराच्या भिंतीवर लावू नका. ट्रंकेत ठेवायचं तर गुंडाळी न करता सपाट ठेवा, मध्ये साधा पांढरा कागद घाला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. आणि छपाईच्या शाईचे हात रॉकेलनं धुण्यापेक्षा आधी गोडेतेल चोळा, मग साबण लावा. हातही निघतात आणि कातडीही राहते.

चित्राच्या खाली पेन्सिलीनं आकडा आणि सही आहे ना, तेवढं बघून घ्या. आणि एखाद्या मुलीकडून पत्रिका, बारशाचं आमंत्रण, मंडळाच्या अंकाचं मुखपृष्ठ करून घेतलंत, तर काम हातात पडलं की पैसे त्याच दिवशी द्या. भाजीवालीला आपण होळीनंतर या म्हणत नाही, मग चित्रकारणीला तरी का म्हणावं?